तुम्ही विचारलेत म्हणून: सोलापुरात अर्क कोणत्या ऋतूत काढावा?

घरी गुलाबपाणी, ओव्याचा किंवा गवती चहाचा अर्क काढते हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “मग हे काम वर्षातून केव्हा करायचे?” विचारणाऱ्याच्या मनात बहुधा फुलांचा हंगाम असतो. फुले आली की अर्क काढावा, इतके ते सोपे असेल असे त्यांना वाटते. सोलापुरात राहून हा छंद जोपासणाऱ्या माणसाचे उत्तर मात्र आधी पाण्यापाशी जाते आणि मग फुलांपाशी येते. माझे उत्तर आहे दिवाळीपासून होळीपर्यंत. ते असे का, हे नीट सांगायचे तर भांड्यात काय घडते तिथून सुरुवात करावी लागेल.

त्याआधी एक खुलासा करते, कारण “अर्क गाळणे” म्हटले की काहींच्या मनात भलतीच शंका येते. परवान्याशिवाय दारू गाळणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 नुसार गुन्हा आहे आणि तसे गाळलेले पिण्यात जिवाचा धोकाही आहे. माझ्या भांड्यात आंबवलेले काहीही जात नाही. पाणी आणि फुले, पाने, बी किंवा मुळे एवढेच जाते.

पाणी उकळते, वाफ पाकळ्यांमधून वर चढताना सुगंधी घटक बरोबर घेते, ती वाफ नळीतून थंड पाण्यात बुडालेल्या वेटोळ्यात जाते आणि तिथे तिचे पुन्हा पाणी होऊन बाटलीत थेंब पडू लागतात. उकळण्याचे काम कोणत्याही ऋतूत सारखेच होते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी शंभर अंशांच्या थोडे आधी, साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या सुमारास उकळते. पावसाळ्यात हवेचा दाब थोडा उतरतो तेव्हा त्यात पडणारा फरक एका अंशाहूनही कमी असतो आणि अर्काला तो जाणवत नाही. ऋतूचा सगळा प्रभाव पडतो तो वाफ थंड करण्यावर.

वाफेत किती उष्णता दडलेली असते याची कल्पना सहसा येत नाही. एक लिटर पाण्याच्या वाफेचे पुन्हा पाणी होताना सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते आणि ते गरम पाणी हाताला सोसेल इतके निववायला आणखी साठेक लागतात. म्हणजे एका लिटर अर्कामागे 600 किलोकॅलरी उष्णता थंडाव्याच्या पाण्याने उचलून न्यायची असते. आता हिवाळ्यातले पाणी 22 अंशांचे धरा आणि ते 45 अंशांपर्यंत तापू द्यायचे असे ठरवा, तर एका लिटर अर्कासाठी सुमारे 26 लिटर पाणी पुरते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी सहज 38 अंशांवर असते. तेही 45 अंशांपर्यंतच तापू द्यायचे म्हटले तर तेवढ्याच अर्काला 85 लिटर पाणी लागते. भांडे तेच, शेगडी तीच, पाकळ्याही त्याच असतात, आणि पाणी तिपटीहून अधिक जाते. ज्या शहरात उजनीचे पाणी काही दिवसांच्या अंतराने नळाला येते आणि पाणी येण्याच्या दिवशी घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवावे लागते, तिथे हौसेपायी 85 लिटर पाणी मोरीत सोडणे मला अजिबात पटत नाही. माझ्या दृष्टीने ऋतूचा प्रश्न इथेच निम्मा सुटतो.

उरलेला निम्मा प्रश्न सुगंधाचा आहे. बाटलीत उतरणारा अर्क हा थंडाव्याच्या पाण्यापेक्षा अधिक थंड असूच शकत नाही. मे महिन्यात चाळीस अंशांहून अधिक तापलेला अर्क बाटलीत पडतो आणि त्याचा सगळ्यात हलका, सगळ्यात आधी नाकाला भिडणारा गंध तिथूनच हवेत निघून जातो. काढताना घरभर सुंदर दरवळ पसरतो, सगळे कौतुक करतात, आणि दुसऱ्या दिवशी बाटली उघडली की उकडलेल्या पाकळ्यांचा वास तेवढा उरलेला असतो. अर्क काढताना घरात फार सुगंध येऊ लागला तर मला काळजी वाटते, कारण तो सुगंध बाटलीत असायला हवा होता.

तरीही सोलापूरच्या उन्हाळ्याचा एक गुण सांगितलाच पाहिजे, तो म्हणजे कोरडेपणा. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतला ओलावा इतका कमी असतो की मातीच्या रांजणातले पाणी, पाझरता पाझरता, बाहेर चाळीस अंश असतानाही पंचविशीच्या आसपास उतरते. श्रावणात बाहेर जेमतेम तीस अंश असतात, पण दमट हवेत रांजणाला घाम फुटून वाळतच नाही, म्हणून त्याच्या आतले पाणी उन्हाळ्यातल्या पाण्याहून फारसे थंड होत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात अर्क काढायचाच झाला तर टाकीच्या पाण्याला हात न लावता आदल्या संध्याकाळी रांजण भरून ठेवावा, थंडाव्याचे भांडे स्टीलचे असेल तर त्याला भिजवलेला जाड सोलापुरी टॉवेल गुंडाळावा, त्याचे टोक पाण्याच्या परातीत सोडावे आणि पहाटे चार-साडेचारला शेगडी पेटवून ऊन चढण्याआधी काम संपवावे. टॉवेलच्या फासांमध्ये पाणी भरपूर मावते आणि ते उडून जाताना भांड्याची उष्णता घेऊन जाते. बर्फाने हे काम लवकर होते, पण हिशेब केला तर एका लिटर अर्कामागे जवळजवळ पाच किलो बर्फ लागतो, आणि तो घरच्या फ्रिजमध्ये करत बसणे म्हणजे विजेच्या बिलावर सुगंध काढणे होय.

कनौजचे अत्तर बनवणारे हीच अडचण शतकानुशतके हाताळत आले आहेत. त्यांच्या पद्धतीत तांब्याच्या मोठ्या देगेतून निघालेली वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे अर्क गोळा करणाऱ्या भांड्यात, जाते आणि तो भपका पाण्याच्या हौदात बसवलेला असतो. हौदातले पाणी तापले की ते बदलायचे, हे कारागिराच्या हाताला कळते. घड्याळ किंवा तापमापक न वापरता भपक्यावर हात ठेवून केलेला तो निर्णय मला या कलेतला सर्वांत कठीण भाग वाटतो. मी मात्र तापमापक वापरते आणि नवशिक्यांनीही तोच वापरावा असे सांगते.

आता फुलांकडे येते. सुदैवाने सोलापूरच्या हिवाळ्यात पाणी आणि गुलाब दोघेही एकाच वेळी साथ देतात. दसऱ्याच्या सुमारास छाटलेला गावठी गुलाब नोव्हेंबरच्या अखेरीपासून भरात येतो आणि पहाटे हवा पंधरा अंशांच्या आसपास असल्यामुळे उमललेल्या पाकळीतला गंध उन्हाने उडण्याआधी तुमच्या हाती लागतो. फुले सूर्य वर येण्याआधी तोडावीत आणि त्याच सकाळी भांड्यात घालावीत. पॉलिहाऊसमधले लांब दांड्याचे गुलाब या कामाला घेऊ नयेत. त्यांना गंध जवळजवळ नसतो आणि त्यांच्यावर कोणत्या फवारण्या झाल्या आहेत हे आपल्याला कळत नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या मागेपुढे, फुलांचे भाव चढतात. देवाच्या फुलांशी स्पर्धा करण्यापेक्षा तो आठवडा सोडून द्यावा हे मला अधिक बरे वाटते.

गुलाबाच्या बाबतीत तेलाची आशा धरू नका. एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते चार हजार किलो फुले लागतात. घरच्या दोन किलो पाकळ्यांतून येणारे तेल बाटलीच्या काचेवर एखाद्या तवंगाएवढेच दिसते. पण गुलाबाच्या गंधातला एक मोठा घटक, फिनाइल इथाइल अल्कोहोल, पाण्यात चांगला विरघळतो, त्यामुळे घरचे गुलाबपाणी हे दुय्यम मानण्याचे कारण नाही. पाकळ्यांच्या वजनाइतका अर्क उतरला की शेगडी बंद करावी. पुढे येणारे पाणी वाढवत नेण्याचा मोह होतो, पण त्याने आधी आलेले चांगले पाणी फक्त पातळ होते.

थंडीत आणखी एक गंमत पाहायला मिळते, आणि ती पाहण्यासाठी तरी प्रत्येकाने एकदा ओवा भांड्यात घालावा. ओव्यात वजनाच्या दोन ते चार टक्के तेल असते, म्हणजे अर्धा किलो ओव्यातून दहा-वीस मिलिलिटर तेल डोळ्यांना दिसेल असे पाण्यावर तरंगते. त्यातला मुख्य घटक थायमॉल, ज्याला आपण ओव्याचे फूल म्हणतो, पन्नास अंशांच्या आसपास वितळतो. जानेवारीच्या पहाटे तेलाची कुपी बाहेर ठेवली तर त्यात लांबट, पांढरे स्फटिक धरू लागतात. बडीशेपेच्या तेलातला अ‍ॅनेथॉल तर एकवीस अंशांनाच गोठतो, म्हणून मे महिन्यात पाण्यासारखे पातळ असलेले ते तेल कडक थंडीत कुपीत घट्ट होऊ शकते. तेल बिघडले असे समजून ते टाकून देऊ नका. कुपी कोमट पाण्यात धरली की ते पूर्ववत होते. हे तेल मात्र फार तीव्र असते, ते थेट त्वचेला लावू नये आणि पोटात घेण्याचा प्रयोग घरी करू नये.

वाळ्याबद्दल लोक हमखास उन्हाळ्यात विचारतात, कारण माठात वाळ्याची जुडी टाकण्याची आपल्याला सवय आहे. पण वाळ्यातले सुगंधी घटक जड असतात, वाफेबरोबर ते फार सावकाश निघतात आणि त्यासाठी भांडे कितीतरी तास चालू ठेवावे लागते. इतका वेळ थंडाव्याचे पाणी पुरवणे फक्त हिवाळ्यात परवडते. वापर उन्हाळ्यातला असला तरी वाळ्याचा अर्क जानेवारीत काढून ठेवावा. याच्या उलट मोगरा: तो बहरतो नेमका मार्च ते मेमध्ये, आणि उकळत्या वाफेत त्याचा गंध बदलून जातो. मी मोगऱ्याचा अर्क काढत नाही. ते फूल गजऱ्यात आणि पिण्याच्या पाण्यावर जितके सुरेख असते तितके ते भांड्यातून कधीच उतरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळा हा या छंदाचा सर्वांत अवघड काळ, जरी सोलापुरात पाऊस फार नसला आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरात पडत असला तरी. गवती चहा या दिवसांत भराभर वाढतो, पण त्या हिरव्यागार पात्यांत पाणीच अधिक असते. दोन-चार दिवस उघडीप मिळाल्यावर कापून, सावलीत दिवसभर मलूल होऊ दिलेली पाती अधिक तेल देतात. आषाढातला वारा गच्चीवरची ज्योत एका बाजूला झुकवतो, उकळी कमीजास्त होते आणि थेंबांची लय मोडते, म्हणून शेगडी भिंतीच्या आडोशाला घ्यावी. झाकणाचे सांधे बुजवायला लावलेली कणीक या दिवसांत ओलीच राहते आणि वाफेच्या दाबाने सरकते. मे महिन्यात तीच कणीक अर्ध्या तासात वाळून तडकते आणि तिच्यावर वारंवार ओला हात फिरवावा लागतो. हिवाळ्यात एकदा लावलेली कणीक शेवटपर्यंत टिकते, हेही त्या ऋतूच्या बाजूने मोजावे.

साठवणीतही पावसाळाच त्रास देतो. अर्कात मीठ, साखर, मद्य यांपैकी काहीच नसल्यामुळे त्यात बुरशी सहज धरते. कापसाच्या तंतूंसारखे काही तरंगताना दिसले तर ती बाटली सरळ ओतून टाकावी. बाटल्या उकळून, पूर्ण वाळवून, गळ्यापर्यंत भरून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. पावसाने एक उपकार मात्र होतो. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते आणि ते उकळून भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, त्यावर पाकळ्या चिकटून करपतात. पहिल्या एक-दोन सरींनी गच्ची धुऊन निघाल्यावर पकडलेले पावसाचे पाणी गाळून झाकून ठेवले तर भांड्यात घालायला ते उत्तम असते.

ज्यांना या वर्षी सुरुवात करायची आहे त्यांनी दसऱ्याला गुलाब छाटावेत आणि तांब्याचे भांडे असल्यास त्याच आठवड्यात आतून कल्हई करून घ्यावी. प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी जोडणाऱ्यांनी पाकळ्या जाळीवर, तोंडापासून चांगल्या खाली ठेवाव्यात, कारण एक पाकळी नळीत अडकली तरी आतला दाब धोकादायक होतो. आणि भांडे चालू असताना तिथून उठून जाऊ नये. पहिल्या खेपेला गुलाब घेऊ नका, गवती चहा घ्या. तो स्वस्त आहे आणि चूक झाली तरी गंध देतो. थंडाव्याचे कोमट झालेले पाणी बादलीत साठवा. डिसेंबरच्या सकाळी घरातल्या कोणाच्या तरी अंघोळीला ते लागतेच.