दोन रेघा म्हणजे माल पुढे : आमची वाटचाल

नाशिकचा द्राक्षवाला २०१० चा हंगाम विसरलेला नाही. युरोपात पोचलेल्या मालात क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आपलं सीसीसी, मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि कंटेनर अडकले. सीसीसी हे कीटकनाशक नव्हे, वाढरोधक. पण तेव्हापासून निफाड-दिंडोरीकडे चहाच्या टपरीवरसुद्धा रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, विषय निघू लागला. मी त्या काळात रोगनिदानाचे किट बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होतो. रक्तातलं हार्मोन अँटिबॉडीने, म्हणजे ठरावीक रेणूलाच धरणाऱ्या प्रथिनाने, पकडता येतं, तर मण्यातलं औषध का नाही, हा प्रश्न डोक्यातून जाईना. पुढे नोकरी सोडली आणि अंबड एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला. कर्जाचं सांगत बसत नाही. ज्यांनी लघुउद्योगासाठी बँकेचे उंबरे झिजवलेत त्यांना ते ठाऊक आहे.

युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. हिशेब केला तर दहा टन द्राक्षांत मिळून ०.१ ग्रॅम औषध. लॅबमधली एलसी-एमएस यंत्रं, म्हणजे रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारी, एवढंसं पकडतात आणि एका नमुन्यात शेकडो औषधं शोधतात. पण नमुना दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत काही दिवस जातात आणि पैसेही लागतात. आम्हाला हवी होती ती बागेतच, खुडा ठरवण्याआधी करता येईल अशी चाचणी: रस टाकला की रेघा दाखवणारी पट्टी.

पहिलं औषध घेतलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक. रेणुभार २५५ च्या आसपास. एवढ्या लहान रेणूची शरीर दखलच घेत नाही, त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होत नाही. जत्रेत लहान पोराला खांद्यावर घेतात तसं त्याला एखाद्या मोठ्या प्रथिनावर बसवावं लागतं. त्यासाठी रेणूला एक रासायनिक भुजा जोडायची आणि तिचं दुसरं टोक प्रथिनाला चिकटवायचं. ही भुजा कुठल्या बाजूला जोडायची, यावर पुढचं सगळं ठरतं. ती जिथे जोडाल, त्याच्या विरुद्ध बाजूचं टोक अँटिबॉडी ओळखायला शिकते. इमिडाक्लोप्रिडचं क्लोरोपिरिडीन टोक उघडं ठेवलं, तर त्याच्याच घराण्यातल्या असिटामिप्रिड आणि थायाक्लोप्रिडलाही तीच अँटिबॉडी धरू शकते, कारण ते टोक तिघांचंही सारखंच. म्हणून आम्ही भुजा त्या बाजूने जोडली आणि नायट्रो गटाचं टोक उघडं ठेवलं. तरी त्याच घराण्यातलं क्लोथियानिडीन थोडंफार पकडलं जातंच. ते आम्ही माहितीपत्रकावर ठळक छापतो, लपवत नाही.

सुरुवातीच्या अँटिबॉडी सशांच्या. आमच्याकडे प्राणी नव्हते, नोंदणीकृत प्राणिगृहाकडून नीतिसमितीच्या परवानगीने काम करून घेतलं. पण ससा बदलला की अँटिबॉडीचा गुण बदलतो, आणि आज विकलेली पट्टी व पुढच्या वर्षीची पट्टी सारखीच वागायला हवी. म्हणून हायब्रिडोमाकडे वळलो. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी दाखवलेली ही पद्धत. उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी बनवणारी पेशी कर्करोगाच्या अमर पेशीशी जोडायची, म्हणजे एकच अँटिबॉडी हवी तितकी वर्षं मिळत राहते. खर्चिक आहे, पण व्यवसाय टिकवायचा तर दुसरा रस्ता मला दिसत नाही.

प्रयोगशाळेतल्या बफरमध्ये, म्हणजे आंबटपणा स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, सगळं सुरेख चाललं. द्राक्षाच्या रसाने मात्र दमवलं. रस आंबट, वर साखर आणि पॉलिफिनॉल ही तुरट द्रव्यं. पट्टीवरची लाल रेघ सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे दिसते. आंबट रसात ते कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग जांभळट होतो. काळ्या जातींत सालीचा रंगच पट्टीवर चढायचा. उपाय एकच, रस बफरने पातळ करायचा. पण दहापट पातळ केला तर अँटिबॉडीला दहापट कमी औषधही कळायला हवं. आमचा बराचसा काळ या ओढाताणीत गेला.

मग आला कोविड, आणि आमच्यापुढे भलताच घोळ उभा राहिला. घरोघरी लोक अँटिजेन किट वाचायला शिकले: दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह. आमच्या पट्टीत नेमकं उलटं. रसात औषध असलं की अँटिबॉडी तिथेच अडकते, चाचणीच्या रेघेपर्यंत मोकळी पोचत नाही आणि ती रेघ उमटत नाही. म्हणजे दोन रेघा आल्या तर माल पुढे जायला हरकत नाही. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराने दोन रेघा बघून कपाळाला हात लावला होता. आता पट्टीच्या प्लास्टिकच्या डबीवरच, म्हणजे कॅसेटवर, मराठीत छापतो: ‘दोन रेघा – लॅबला नमुना पाठवा. एक रेघ – खुडा थांबवा.’

त्याच बागेत बांधावर उभं राहून त्यांनी विचारलं होतं, “साहेब, या पट्टीवर युरोपवाले विश्वास ठेवतील का?”

“नाही ठेवणार, अण्णा. रिपोर्ट मान्यताप्राप्त लॅबचाच लागेल.”

“मग मी कशाला घेऊ?”

प्रश्न रास्त होता. आमची पट्टी एकच औषध बघते, प्रमाणपत्र देत नाही. तिचा उपयोग निवडीला: कुठल्या प्लॉटचा नमुना आधी पाठवायचा, कुठला अजून आठवडाभर थांबवायचा, शेजारच्या ब्लोअरचा फवारा आपल्या ओळींवर आलाय का. व्यापारी ‘रेसिड्यू-फ्री’चा शिक्का मारून द्या म्हणतात, त्यांना मी माल देत नाही. धंदा त्यामुळे हळू वाढला, हेही खरं.

२०२० मध्ये युरोपने क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची मान्यता संपवली आणि त्याची मर्यादाही ०.०१ वर आली. विचारणा एकदम वाढली, त्या पट्टीचं काम तेव्हाच हाती घेतलं. सध्या ती काळ्या द्राक्षांवर तपासतोय, आणि पिंपळगावच्या टोमॅटोवरही. पट्टीला दमट हवा सोसत नाही, म्हणून पाकिटं भरायचं काम पावसाळ्यात एसी खोलीतच चालतं. ऑक्टोबर छाटणी झाली की मागणी नोंदवायला सुरुवात करा. जानेवारीत ऐनवेळी फोन केला तर माल मिळेलच असं नाही.