फॉर्मवरची तिरकी रेघ

ओपीडीची गर्दी ओसरली की दीडच्या सुमाराला मी डबा उघडते. त्या दिवशी उघडला आणि दारात तो उभा. सकाळपासून दोनदा येऊन परत फिरला होता, शिपाईमामांनी सांगितलं होतं. डबा तसाच बाजूला सारला. उपजिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक म्हणून मला चौदा वर्षं झाली. असा माणूस तिसऱ्यांदा फिरला की पुन्हा येत नाही.

बत्तीस-तेहेतिशीचा असेल. हातात बायकोचं गरोदरपणाचं कार्ड. तिची तपासणी आठवड्यापूर्वी माझ्याकडेच झाली होती, निगेटिव्ह. "मॅडम, माझी पण करा," एवढंच म्हणाला.

मी फॉर्म पुढे ओढला. लग्न झालेला, बायको गरोदर. पेन आपोआप 'विषमलिंगी'च्या चौकटीकडे गेलं. काही विचारलंसुद्धा नव्हतं मी.

"तिथं खूण नका करू," तो म्हणाला. "बाहेर बाईशी माझं काही नाही. एक मित्र आहे."

खालच्या ओळीवर आले. तिथे छापलेलं होतं : समलिंगी/उभयलिंगी. त्याने बरोबर मधल्या तिरक्या रेघेवर बोट ठेवलं. "यातलं कुठलं? बायकोवर पण जीव आहे माझा, ते खोटं नाही. आणि उभयलिंगी म्हणजे गांडूळ ना? शाळेत होतं आम्हाला."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. जीवशास्त्रात गांडूळ उभयलिंगी, जास्वंदीचं फूल उभयलिंगी. बाई आणि पुरुष दोघांचीही ओढ वाटणाऱ्या माणसासाठी आपण तोच शब्द वापरत राहिलो. मी त्याला 'उभयलैंगिक' हा शब्द सांगितला. त्याने तो दोनदा म्हणून पाहिला.

मग कंडोमचं विचारलं. "घरी वापरायचो की, दिवस राहीपर्यंत. तिकडं कशाला? तिकडं काय मूल राहतंय?"

मी मान वर केली. भिंतीवर आमचंच पोस्टर : नवरा, बायको, कडेवर मूल. हा माणूस जे शिकला होता ते आम्हीच शिकवलेलं होतं. त्याच्या मित्राचं चित्र त्या भिंतीवर कधी नव्हतंच. 6 सप्टेंबर 2018 पर्यंत तर असे संबंध कायद्याने गुन्हा होते. सरकारी टेबलासमोर बसून कोण बोलणार होतं?

पुढचा पाऊण तास स्पष्ट बोलले. गुदद्वाराचं अस्तर नाजूक असतं, त्यामुळे कंडोमशिवाय तिथला धोका योनीसंबंधापेक्षा जास्त. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर कंडोम फाटतो, पाण्यात विरघळणारं वंगणच हवं. असा प्रसंग घडल्यावर 72 तासांच्या आत आलं तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात. त्याची शेवटची भेट तीन आठवड्यांपूर्वीची, ती वेळ गेली होती. त्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

खूप वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्हाला फळ्यावर दोन वर्तुळं आणि मधे पूल काढून दाखवला होता. असे पुरुष म्हणजे रोग इकडून तिकडे नेणारा पूल. मीही तो वहीत उतरवून घेतला. पुलाला बायकोची काळजी नसते. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला ती होती, म्हणून तर तो तिसऱ्यांदा दारात आला.

पुढे कधीतरी सॅन फ्रान्सिस्कोबद्दल वाचलं तेव्हा तो पूल मनातून गेला. तिथे 1976 मध्ये उभयलैंगिक लोकांनी आपलं केंद्र उभं केलं होतं. त्याच शहरातले डेव्हिड लोरिया आणि सिंथिया स्लेटर हे उभयलैंगिक कार्यकर्ते 1981 पासून, म्हणजे रोगाला अजून धड नावही नव्हतं तेव्हापासून, पुरुष जिथे जमत त्या स्नानगृहांत आणि क्लबांत जाऊन सुरक्षित संबंधांची माहिती देत होते. लोरियांनी दोन वर्षं आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला. 1984 मध्ये शहराच्या आठवड्याच्या एड्स आकडेवारीत उभयलैंगिक पुरुषांची नोंद सुरू झाली. स्लेटरबाईंनी 1985 मध्ये बायकांसाठी माहितीची फोनसेवा काढली. दोघंही पुढे एड्सनेच गेले, त्या 1989 मध्ये, ते 1992 मध्ये. फॉर्मवरच्या एका शब्दासाठी माणसं अशी झिजली आहेत, आणि मी तो शब्द न विचारता ओलांडून जात होते. किती जणांच्या फॉर्मवर मी चुकीची खूण केली असेल, हा विचार मला आजही झोपू देत नाही.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तोवर दोन्हीकडे कंडोम. गरोदरपणात लागण झाली तर बाळाला धोका फार मोठा.

"सातव्या महिन्यात कंडोम कशाला, विचारेल ती."

"दवाखान्याने सांगितलंय म्हणा. खरंच सांगतेय मी. आणि तिला सगळं सांगावंसं वाटलं तर दोघं या. मी बसेन तुमच्याबरोबर."

तो गप्प बसला. मग फॉर्म स्वतःकडे फिरवून घेतला, माझं पेन मागितलं आणि 'उभयलिंगी' या शब्दाभोवती गोल केला. तिरकी रेघ गोलाच्या बाहेर राहिली.

कार्डावर मी पुढची तारीख घातली.

"त्या दिवशी तुम्हीच असाल ना?" त्याने विचारलं.

भाचीच्या लग्नासाठी त्या आठवड्यात रजा टाकली होती. "असेन," म्हटलं, आणि तो गेल्यावर बहिणीला फोन लावला.