बारा अंशांचा ओळंबा

गेली ९ वर्षे मी बर्लिनमध्ये भारतातून येणाऱ्या गटांना शहर दाखवण्याचे काम करते. मराठी गटांच्या कार्यक्रमात लिंडेनस्ट्रासेवरचे ज्यू संग्रहालय क्वचितच असते, कारण ब्रँडेनबुर्ग दरवाजा, भिंतीचे अवशेष आणि खरेदी एवढ्यातच दिवस संपतो. परंतु नोव्हेंबरमधल्या त्या दिवशी पाऊस लागल्यामुळे नदीतली फेरी रद्द झाली आणि हाताशी आलेले तीन तास कुठे घालवायचे हे माझ्यावर सोपवले गेले. मी पुण्यात वास्तुकला शिकले आहे, आणि डॅनिएल लिबेस्किंड यांची ही इमारत विद्यार्थिदशेत केवळ आराखड्यांवरून पाठ केली होती; त्यामुळे निर्णयाला वेळ लागला नाही.

बसमध्ये मी नेहमीप्रमाणे माहिती सांगितली. लिबेस्किंड यांचा जन्म १९४६ साली पोलंडमधल्या वुच शहरात, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहारातून वाचलेल्या आईवडिलांच्या पोटी झाला. लहानपणी ते अकॉर्डियन वाजवत आणि त्यात त्यांनी नावही मिळवले होते. कुटुंब १९५७ साली इस्रायलला आणि १९५९ साली न्यूयॉर्कला गेले. तिथे कूपर युनियनमध्ये त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. पुढे बरीच वर्षे ते शिकवत राहिले आणि कागदावर रेषा काढत राहिले. १९८९ साली या संग्रहालयाच्या आराखड्यासाठी बर्लिनने घेतलेली स्पर्धा त्यांनी जिंकली, तेव्हा त्यांच्या नावावर उभी राहिलेली एकही इमारत नव्हती. त्याच वर्षी भिंत पडली, शहराच्या पैशांच्या गरजा बदलल्या, आणि १९९१ साली तर बर्लिनच्या सिनेटने, म्हणजे शहराच्या सरकारने, हा प्रकल्प गुंडाळलाच होता. तो वाचला तो त्यावर उठलेल्या निषेधामुळे.

"म्हंजे पहिली इमारत उभी राहिली तवा वय काय हुतं?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. विचारणारे काका सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले, आयुष्यभर गवंडीकाम केलेले, आता मुलाच्या आग्रहाने पत्नीसह सहलीला निघालेले होते. ऑस्नाब्रुक इथले फेलिक्स नुसबाउम यांच्या चित्रांचे संग्रहालय १९९८ साली पुरे झाले, म्हणजे ५२, असे मी सांगितले. काकांनी मान हलवली आणि ते पुढे काही बोलले नाहीत.

नव्या इमारतीला रस्त्याकडून दरवाजा नाही. शेजारच्या १७३५ सालच्या जुन्या न्यायालयाच्या वास्तूतून आत जायचे, तिथून जिना उतरून जमिनीखाली जायचे आणि मग एकमेकांना छेदणाऱ्या तीन वाटांपैकी एक निवडायची. बाहेरून ही इमारत म्हणजे जस्ताच्या पत्र्याने मढवलेली वाकडीतिकडी घडी आहे, आणि खिडक्या म्हणजे त्या पत्र्यावर ओढलेले तिरके चरे. काका पावसात उभे राहून त्या चऱ्यांच्या कडा पाहत होते. पत्रा खिडकीपाशी कसा वळवला आहे आणि पाणी आत का जात नाही, हा त्यांचा प्रश्न होता. आत उतरल्यावर बाकीची मंडळी काचेमागच्या वस्तू पाहू लागली. काका मात्र दहा पावलांवर थांबले. "ताई, फरशी चढतीय," ते म्हणाले. खरोखरच त्या वाटांना हलका चढ आहे; कितीतरी लोकांना तो जाणवतो, पण नेमके काय जाणवते आहे ते सांगता येत नाही.

एक वाट २४ मीटर उंचीच्या, मुद्दाम गारठलेल्या ठेवलेल्या काँक्रीटच्या मनोऱ्यात संपते. तिथे वरच्या कोपऱ्यातल्या एका फटीतून काय तो उजेड येतो. तिथे कोणीच काही बोलले नाही. दुसरी वाट निर्वासितांच्या बागेत उघडते.

या बागेत सात रांगांत सात असे काँक्रीटचे ४९ चौकोनी खांब आहेत आणि त्यांच्या माथ्यावर झाडे लावली आहेत. ४८ खांबांत बर्लिनची माती आहे आणि मधल्या एका खांबात जेरुसलेमची. जमीन १२ अंशांनी कललेली आहे. हे सगळे मी एरवी दारातच सांगत असे. त्या दिवशी बाहेर वारा असल्यामुळे कोणाला ऐकू गेले नाही आणि मंडळी तशीच आत शिरली. थोड्याच वेळात काकूंनी खांबाला हात टेकला आणि गरगरते आहे असे त्या म्हणाल्या. त्यांना आधार द्यायला मी पुढे झाले, तोवर काकांनी स्वतःच्या गळ्यातली ओळखपत्राची नाडी काढून सोडवली, काकूंची तिला गाठ मारून जोडली, टोकाला घराच्या किल्ल्या बांधल्या आणि भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचा तो ओळंबा शेजारच्या खांबाला लावून धरला.

वरचे टोक खांबाला टेकलेले होते. किल्ल्या वाऱ्यात थोडा वेळ फिरल्या आणि मग स्थिर झाल्या, तेव्हा त्या खांबापासून वीतभर लांब लोंबत होत्या. काकांनी मोकळ्या हाताची वीत ताणून ते अंतर मोजले. मग खाली वाकून, खांब आणि फरसबंदी जिथे मिळतात तिथे तळहाताची कड लावून पाहिली. "खांब फरशीला गुण्यात हाय. जमीनच ओळंब्यात न्हाई," ते म्हणाले (गुण्यात म्हणजे काटकोनात), आणि पुढच्या खांबाकडे गेले. तिसऱ्या खांबानंतर ते परत आले. "सगळ्यांस्नी सारखीच वीत. ह्ये चुकून झालेलं न्हाई, ताई. सरळ बांधण्यापरीस हे सेंट्रिंग अवघड." सेंट्रिंग म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी उभारायचा साचा.

मीटरला २१ सेंटिमीटर म्हणजे १२ अंश, हा हिशेब मला येतो. तरीही त्या वितेने मला जे दाखवले, ते माझ्या इतक्या वर्षांच्या सांगण्यात कधीच आले नव्हते. डोळा खांबांवर विश्वास ठेवून त्यांनाच सरळ मानतो, पाय वेगळे सांगतात, आणि त्या भांडणात माणसाला भोवळ येते. परक्या देशात नुकत्याच उतरलेल्या माणसाची अवस्था लिबेस्किंड यांना अशीच हवी होती.

काकूंना बाकावर बसवल्यावर काका माझ्याशी बोलले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ते सात वर्षांचे होते. त्यांचे वडीलही गवंडीच. उजाडल्यावर वडील ओळंबा घेऊन आळीतल्या उभ्या राहिलेल्या प्रत्येक घराच्या भिंतींना तो लावत गेले आणि हे त्यांच्या मागोमाग फिरले. भिंत किती बाहेर गेली आहे ते पाहून वडील सांगत, आत जा किंवा जाऊ नका. "लोक भिंतीकडं बघत नव्हते, बाच्या तोंडाकडं बघायचे. आमच्या घराला त्यानं शेवटी लावला." घर पाडावे लागले.

लिबेस्किंड यांनी हीच तिरकी भाषा पुढे डेन्व्हरच्या कलासंग्रहालयात, टोरंटोच्या रॉयल ऑन्टारियो संग्रहालयात आणि बर्नच्या वेस्टसाइड या खरेदीसंकुलातही वापरली. खरेदीसंकुलात ती मला पटत नाही. तिथे तिला काही सांगायचे नसते. ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयात मात्र ती पटते. एकोणिसाव्या शतकातल्या शस्त्रागाराच्या भारदस्त दर्शनी भागात त्यांनी २०११ साली काचेची आणि पोलादाची भलीमोठी पाचर घुसवली, आणि तिचे टोक फेब्रुवारी १९४५ च्या बाँबवर्षावाची सुरुवात जिथे झाली त्या दिशेकडे रोखलेले आहे. गट दुसऱ्या दिवशी प्रागला ड्रेस्डेनवरूनच जाणार होता. मी तिकिटाच्या पाठीमागे ती पाचर काढून दाखवली आणि बस थांबली तर पाहा, असे सांगितले.

काकांनी चित्र दोनदा फिरवून पाहिले. "जुनी भिंत तोडताना वरचं वजन कशावर घेतलं असंल?" असे त्यांनी विचारले, आणि तिकीट नीट दुमडून वरच्या खिशात ठेवले. बसमध्ये चढताना काकूंनी आपली नाडी परत मागितली. तेव्हा ते म्हणाले, राहू दे, उद्या लागंल.