टास्क मॅनेजरमध्ये दोन-दोन पायथन

माझ्या लिनक्स लॅपटॉपवर महिनाभर बिनबोभाट चाललेली पायथन स्क्रिप्ट अकाउंट्सच्या मॅडमच्या विंडोजवर पहिल्याच दिवशी आडवी झाली. मुख्य प्रोग्रॅम दर फाइलमागे सबप्रोसेसने (एका प्रोग्रॅममधून दुसरा चालवायची पायथनची सोय) एक नवा पायथन उठवतो. तो उठायचा आणि म्हणायचा, पँडास ही डेटा हाताळायची लायब्ररी सापडत नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या कामापुरता वेगळा मांडलेला पायथन आणि त्याच्या लायब्ररी) चालू, पिप लिस्टमध्ये, म्हणजे बसवलेल्या लायब्ररींच्या यादीत, पँडास हजर, कुठला पायथन सापडतो ते सांगणाऱ्या ‘व्हेअर पायथन’ला पहिलं उत्तरही एन्व्हायर्नमेंटचंच. पाथ, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम शोधतं त्या फोल्डरांची यादी, मी चार वेळा तपासला. दुपार गेली.

शेवटी त्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्येच सिस डॉट एक्झिक्युटेबल, म्हणजे पायथन स्वतःचा म्हणून सांगतो तो पत्ता, छापून पाहिलं. आला मूळ इन्स्टॉलेशनचा पत्ता!

लिनक्सवर एन्व्हायर्नमेंटमधला पायथन हा बहुधा मूळ पायथनकडे जाणारा सिमलिंक, म्हणजे नुसता दुवा असतो; प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) एकच. विंडोजवर पायथन ३.७.२ पासून तिथली पायथन डॉट एक्सई म्हणजे नुसता निरोप्या. आधी मूळ फाइलींची नक्कल व्हायची, त्यामुळे पायथन अपडेट केला की एन्व्हायर्नमेंटही नव्यानं करावं लागे. आता हा निरोप्या पायव्हीएनव्ही डॉट सीएफजी ही एन्व्हायर्नमेंटची सेटिंग फाइल वाचून मूळ पायथनला उठवतो आणि तो संपेपर्यंत ताटकळत बसतो. म्हणजे माझा कोड चालवणारा खरा पायथन मूळ फोल्डरमधलाच. त्यानं नुसतं ‘पायथन’ असं नाव घेऊन हाक मारली की विंडोज पाथ बघण्याआधी हाक मारणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतं. तिथं पायथन असणारच. मी बिचाऱ्या पाथला उगाच शिव्या घातल्या.

‘पायथन’च्या जागी सिस डॉट एक्झिक्युटेबल लिहिलं; मुख्य प्रोग्रॅममध्ये तो निरोप्याचाच पत्ता देतो. एका शब्दाचा बदल, पँडास सापडला.

मग मेमरीचे आकडे खटकले. एवढ्या मोठ्या फाइली, आणि माझा लॉग म्हणे जेमतेम काही एमबी! सबप्रोसेसमधल्या पोपेनने दिलेला पीआयडी (प्रोसेसचा नंबर) निरोप्याचा होता, राबणारा पायथन त्याच्या पोटी. आता हा मुलगा, म्हणजे राबणारा पायथनच, ओएस डॉट गेटपीआयडीने आपला नंबर लॉगमध्ये लिहितो.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. “अरे, यादीत दोन पायथन दिसत होते, म्हणून त्यातला बारका मी बंद केला. तर दुसरापण गेला की रे!”

जाणारच. निरोप्या खऱ्या पायथनला जॉब ऑब्जेक्टमध्ये (प्रोसेस एका गटात बांधायची विंडोजची सोय) बांधून ठेवतो; निरोप्या मेला की विंडोज त्यालाही मारतं. मी फक्त एवढंच म्हणालो, “मॅडम, पुन्हा चालू करा, आणि दोघांनाही राहू द्या.”