मंगळ बाजारात माझी दलाली

बडोद्यात शिकवायच्या कामाला लागल्यापासून शनिवार-रविवार म्हणजे धुणं, झोप आणि आत्याकडचं जेवण, असं ठरूनच गेलं होतं. पण आमच्या संस्थेत नव्याने आलेल्या दोघांना, एक जर्मन मुलगी आणि एक स्पॅनिश मुलगा, शहर बघायचं होतं आणि नवरात्राची खरेदी करायची होती. "तुला गुजराती येतं ना?" एवढ्या भांडवलावर माझी नेमणूक झाली. येतं म्हणजे काय, तर आत्या दांडिया बाजारात राहते, लहानपणीच्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिच्याकडे गेल्या, त्यामुळे रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं येतं.

शनिवारची सकाळ लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये गेली. १८९० मध्ये बांधून पुरा झालेला हा राजवाडा बघताना मान दुखते. आत फोटो काढू देत नाहीत हे फार बरं, लोक निदान डोळ्यांनी बघतात तरी. दरबार हॉलच्या रंगीत काचांखालून जर्मन मुलगी हलेना. मला मात्र शेजारच्या फत्तेसिंह म्युझियममधली रविवर्म्याची चित्रं जास्त भावली. कॅलेंडरांवर छापून छापून गुळगुळीत झालेले ते चेहरे इथे तैलरंगात समोर येतात, तेव्हा त्यांच्या लुगड्याच्या जरीला वजन आहे असं वाटतं. कवळाण्याचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा पोरगा १८७५ मध्ये इथे दत्तक आला आणि सयाजीराव झाला, हे मी जरा छाती फुगवूनच सांगितलं, कारण माझं आजोळ मालेगाव तालुक्यातलं. "म्हणजे तुमच्या गावचा राजा?" स्पॅनिश पोराने विचारलं. "शेजारच्या गावचा," मी म्हटलं. त्याला त्यात काही फरक दिसला नाही.

मग मंगळ बाजार. पितृपक्ष चालू, ऊन ऑक्टोबरचं असावं तसं, आणि नवरात्र तोंडावर आलेलं. लहरीपुरा दरवाज्यातून आत शिरलं की आपण चालत नाही, गर्दी आपल्याला नेते. दोन्ही बाजूंना चणिया-चोळ्या, म्हणजे गरब्याचे घागरे-चोळ्या, छतापासून लोंबत असतात आणि त्यांच्याखालून वाकून जाताना आभल्यांच्या, म्हणजे कापडावर लावलेल्या आरशांच्या चमकेने डोळे मिटतात. मला गर्दीचा तिटकारा आहे, हे मी सकाळीच सांगून ठेवलं होतं. कोणी ऐकलं नाही.

एका दुकानात जर्मन मुलीला एक काळा घागरा आवडला. लगेच तिच्यासाठी स्टूल आलं, थंड बाटली आली, पंखा तिच्याकडे वळला. मी तिच्या दोन पिशव्या धरून उभी. मला पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. दुकानातल्या पोराने घागरा जमिनीवर गोल पसरून घेर दाखवला, किंमत सांगितली बत्तीसशे, आणि ती आरशात बघत असताना माझ्याकडे सरकून हळूच म्हणाला, "बेन, तमारा त्रणसो अलग." म्हणजे, ताई, तुमचे तीनशे वेगळे.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं तेव्हा कानशिलं तापली. ही मुलगी आणि मी एकाच खोलीत राहतो, एकाच वर्गात पोरांना पाढे म्हणायला लावतो, दोघींनाही कोणी पगार देत नाही. पण बाजारात ती गिऱ्हाईक आणि मी दलाल. बरं, त्या पोराचं तरी काय चुकलं? परदेशी पाहुण्यांबरोबर रोज येणारी माणसं त्याने तीच पाहिलेली. हे सगळं डोक्यात कळत होतं, राग मात्र जाईना.

रागाच्या भरात मी घागरा उलटा केला. माझ्या आईने शिकवलेली एवढी एकच गोष्ट बाजारात उपयोगी पडते. आतल्या बाजूला टाक्यांचा पत्ताच नव्हता. आभली काचेची नव्हतीच, चकचकीत प्लॅस्टिकच्या टिकल्या डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेल्या, आणि भोवतीचं भरतकाम सरळसोट मशीनचं. नखाने एक उचकटली तर अख्खी हातात आली. ती मी त्या पोराच्या तळहातावर ठेवली.

तेवढ्यात आत्याचा फोन. "अगं, पितृपक्षात कसली गं खरेदी? नवरात्र बसू दे की! आणि जेवायला कितीजण?" मी मराठीत तिच्याशी हुज्जत घालतेय हे गल्ल्यावर बसलेल्या मालकांनी ऐकलं. फोन ठेवला तर ते अस्खलित मराठीत, "अहो ताई, आधी नाही का सांगायचं? आम्ही लहानाचे मोठे रावपुऱ्यात झालो. बसा, बसा." दुसरं स्टूल आलं, चहा आला, आतून काचेच्या आभल्यांचा, हाताने भरलेला घागरा आला, आणि बोलता बोलता तोही सव्वीसशेवर आला. माझे तीनशे त्यातूनच वजा झाले असणार.

खरं सांगते, याचा मला आधीपेक्षा जास्त राग आला. मराठी निघाले म्हणून स्टूल मिळालं. नसते निघाले तर? चहा मात्र प्यायले. आलं घातलेला, चांगला होता.

बाहेर आल्यावर जर्मन मुलीला सगळं सांगितलं. ती दुखावेल असं वाटलं होतं. तिने शांतपणे हिशोब केला आणि म्हणाली, "पुढच्या दुकानात घे की, आपण निम्मे निम्मे वाटून घेऊ." पुढच्या दुकानात आम्ही स्पॅनिश पोरासाठी केडियुं, म्हणजे गरब्यात घालतात तो घेरदार अंगरखा, घेतलं, मी मुद्दाम अर्धा तास बाजूला उभी राहिले, कोणी काही दिलं नाही.

रात्री सेव-उसळ. तिखट तर्री त्याने दोनदा मागून घेतली आणि रविवारी तो ठणठणीत होता. माझं विचारू नका.

रविवारी मी दोघांना कमाटी बागेत नेलं. २३ सप्टेंबर, म्हणजे आंबेडकरांचा संकल्प दिन, नुकताच होऊन गेला होता, बागेतल्या त्यांच्या स्मारकावर, संकल्पभूमीवर, हार अजून सुकत होते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले, तर लोक लाठ्या घेऊन आले. ओळखीच्यांनीही दार उघडलं नाही. पाचेक तास या बागेत बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. स्पॅनिश पोराने विचारलं, राजाने काहीच कसं केलं नाही? मला नीट उत्तर देता आलं नाही. शनिवारी मी ज्याच्याबद्दल एवढी फुशारकी मारली होती, तोच तो राजा.

तिथून तांबेकर वाडा. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा लाकडी वाडा दाट वस्तीत असा दडलेला आहे, की शेजारच्या पानवाल्यालाही दोनदा विचारावं लागलं. वरच्या खोल्यांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या: कृष्णलीला, मराठे-इंग्रज लढाई, मधेच एखादी मडमही. बघायला आम्ही तिघंच. राजवाड्याला एवढी रांग आणि इथे चिटपाखरू नाही, याची मला चीड येते, आणि बरंही वाटतं.

जेवायला आत्याकडे. "बारी उघड जरा, पाहुण्यांना उकडतंय," म्हणत (बारी म्हणजे खिडकी, आत्याच्या मराठीत गुजराती मिसळलेली असते) तिने तिघांनाही सारखंच वाढलं, म्हणजे नको म्हणेपर्यंत आणि त्यानंतरही. आता दोघांना गरब्याचे पास हवेत, आणि ते कुठून मिळतात हे शोधायचं काम कोणाकडे आलंय हे वेगळं सांगायला नको. या वेळी मात्र तीनशे आधी घेणार आहे.