बाथच्या देवीपुढचं गाऱ्हाणं

इंग्लंडच्या सहलीत टॉवर ऑफ लंडन, राणीचे दागिने, बकिंगहॅम पॅलेससमोरची रेटारेटी, सगळं यथासांग झालं. त्याबद्दल इतकं लिहून आलंय की मी भर घालायची गरज नाही. मला सांगायचंय ते बाथबद्दल, आणि त्यातही तिथल्या शिशाच्या पत्र्यांबद्दल.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून गाडीने दीडेक तासात बाथ येतं. सगळं गाव पिवळसर दगडाचं. स्टेशनपासून रोमन स्नानगृहं चालत जाण्याइतकी जवळ, रस्ता सपाट, त्यामुळे सासूबाईंच्या गुडघ्यांची काळजी मिटली. आत मात्र तोबा गर्दी! जो तो मोठ्या कुंडाच्या काठावर फोटोसाठी जागा अडवून उभा. पाणी हिरवंगार, त्यावर वाफ. रोमन काळी या कुंडावर छप्पर होतं. आता ते नाही, ऊन थेट पाण्यावर पडतं आणि शेवाळ धरतं. जमिनीतून ४६ अंश सेल्सिअसचं पाणी रोज सुमारे ११,७०,००० लिटर वर येतं, आजही. मुलगी म्हणाली, "मग पोहू का देत नाहीत?" काठावर तशी सक्त मनाई आहे, आणि ते पाणी बघता ठीकच आहे.

संग्रहालयाच्या आतल्या भागात काचेमागे तळहातात मावतील असे काळपट पत्रे मांडलेत. बारीक टोकाने कोरलेली लॅटिन अक्षरं, काही पत्र्यांवर घड्यांच्या रेघा स्पष्ट. बऱ्याच जणांनी मजकूर लिहून पत्रा गुंडाळला किंवा दुमडला आणि उन्हाळ्यात, म्हणजे गरम झऱ्यात, टाकला. झरा सुलिस मिनर्व्हा देवीचा. सुलिस तिथली मूळची, मिनर्व्हा रोमनांनी आणलेली. दोघी एकच झाल्या. असे सुमारे १३० पत्रे झऱ्यात सापडले. बहुतेकांत एकच तक्रार : माझी वस्तू चोरीला गेली, देवी, तूच बघ.

डोसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीवाला झगा कुणीतरी पळवला. तो देवीला सांगतो, चोर पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, त्याला मरण दे, झोप लागू देऊ नकोस, मूलबाळ होऊ देऊ नकोस, जोवर तो माझा झगा तुझ्या देवळात आणून देत नाही तोवर! इंग्लंडच्या थंडीत झगा गेलेल्या माणसाचा हा संताप मला अगदी पटला.

मी हे मराठीत सांगत होते. सासूबाई मालवणकडच्या. त्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगो, ह्यां तर गाऱ्हाणांच!"

खरंच होतं. आमच्या गावच्या देवळात "बा देवा महाराजा" म्हणून गाऱ्हाणं सुरू होतं, जमलेली माणसं "होय महाराजा" म्हणतात. कोर्टकचेरी परवडत नाही तिथे माणूस देवापुढे उभा राहतो. बाथच्या पत्र्यांची भाषाही तशीच ठरलेली, कुठलीही पळवाट राहू नये म्हणून "पुरुष असो की बाई" हे पुन्हा पुन्हा येतं. सम्राटांचे पुतळे वरच्या गच्चीवर आहेत, ते व्हिक्टोरियन काळात बसवलेले. खऱ्या रोमन माणसाचा आवाज मला ऐकू आला तो या पत्र्यांतून. आणि तिथे गर्दी नव्हती! लोक कानाला ऑडिओ गाइड लावून पुढे सरकत होते. याचं मला फार वाईट वाटलं.

"मगे तेचो झगो गावलो काय?" सासूबाईंनी विचारलं. पत्र्यावर त्याचं उत्तर नाही. त्या बराच वेळ तिथून हलायला तयार नव्हत्या.

पुढे स्टोनहेंज झालं, वारा इतका की धड बोलता येईना. सॅलिसबरीच्या कॅथेड्रलमध्ये १२१५ च्या मॅग्ना कार्टाची मूळ प्रत पाहिली. उमरावांनी राजाकडून लिहून घेतलेले हक्क, सुबक हस्ताक्षरात. तिथे मात्र माणसं श्रद्धेने थांबून बघत होती. बाथला जाल तेव्हा कुंडावरचे फोटो आटपते घ्या आणि तोच वेळ डोसिलियानसला द्या.