पट वाचावा तो इयत्तेनुसार

सरकारी शाळांच्या पटसंख्येची चर्चा बहुतेक वेळा एकाच बेरजेपाशी येऊन थांबते: यंदा पट वाढला की घटला. या बेरजेत कोणत्या वयाची मुले कुठे अडली हे अजिबात दिसत नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

अमेरिकेतील सरकारी शाळांत 2019 साली सुमारे 5 कोटी 8 लाख मुले होती. महासाथीच्या पहिल्याच शैक्षणिक वर्षात, म्हणजे 2020 मध्ये, ती सुमारे 4 कोटी 94 लाख झाली. घट 3 टक्क्यांची. पण पूर्वप्राथमिक वर्गांत ती 22 टक्के, पहिलीच्या आधीच्या वर्गात 9 टक्के होती आणि नववी ते बारावीत पट जवळपास तेवढाच राहिला. शाळेत रुळलेली मोठी मुले टिकली; ज्यांचे नाव अजून दाखलच व्हायचे होते, त्यांना पालकांनी घरी ठेवले.

एकाच वर्षाचा तक्ता पहिलीपासून दहावीपर्यंत वाचत गेलो की हमखास फसगत होते. पहिलीत मुले कमी आणि सातवीत जास्त असतील, तर मधल्या काळात जन्मदर घटलेला असू शकतो. म्हणून तक्ता तिरका वाचावा: यंदाची दुसरी गेल्या वर्षीच्या पहिलीशी, यंदाची सहावी गेल्या वर्षीच्या पाचवीशी ताडून पाहावी. प्राथमिक शाळा संपून मुलांना दुसऱ्या, बहुधा लांबच्या शाळेत जावे लागते, तिथे आकडा एकदम खाली आला तर गळतीची शंका घ्यायलाच हवी.

फुगलेला वर्गही तपासून पाहावा लागतो. मलावीने 1994 साली प्राथमिक शिक्षणाचे शुल्क रद्द केले, तेव्हा पट सुमारे दीडपट झाला आणि सर्वाधिक गर्दी पहिलीत उसळली, कारण वय उलटून गेलेली मुलेही तिथूनच सुरुवात करत होती. अमेरिकेत नववीचा वर्ग वर्षानुवर्षे आठवीपेक्षा मोठा दिसत आला, कारण विषय न सुटलेली मुले पुन्हा नववीतच मोजली जात. अशा ठिकाणी वाढलेल्या पटाचे कौतुक करणे हा त्या मुलांवर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात तिरक्या वाचनालाही मर्यादा आहे. वर्गातून पाच मुले खासगी शाळेत गेली आणि तेवढीच दुसऱ्या गावाहून आली, तर आकडा जागचा हलत नाही. त्यामुळे इयत्तावार पटासोबत त्याच वर्गात पुन्हा बसलेली, दाखला घेऊन गेलेली आणि नव्याने आलेली मुले वेगवेगळी नोंदवून जाहीर केली पाहिजेत.